तीनशे प्रतींचं पुस्तक

ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस हे विद्यापीठ आहे की पुस्तकांचा धंदा, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. निमित्त आयकराचं. विद्यापीठाच्या किंवा निव्वळ शिक्षणासाठी चालणाऱ्या संस्थेच्या उत्पन्नावर कर लागू नये, असं कायद्यात एक कलम होतं. प्रेसचं म्हणणं सरळ होतं : आम्ही वेगळी कंपनी नाही, ऑक्सफर्ड विद्यापीठाचाच एक विभाग आहोत, मग कर कसला? मुंबई उच्च न्यायालयाला ते पटलं नाही आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयालाही नाही. तिकडे तुम्ही विद्यापीठ असाल. इथे ना वर्ग घेता ना परीक्षा. पुस्तकं छापता नि विकता. तेव्हा कर भरा.

याच प्रेसला ब्रिटनमध्ये मात्र १९७८ पासून करमाफी आहे. संस्था एकच, तिकडे विद्यापीठ आणि इकडे दुकान. मला ही दोन्ही उत्तरं बरोबर वाटतात. विद्यापीठीय प्रकाशनसंस्था म्हणजे मुळातच हे दोन्ही एकत्र. ज्या पुस्तकाच्या तीनशे प्रती खपतील की नाही याची खात्री नाही, ते पुस्तक दोन जाणकारांकडून वाचून घ्यायचं, वर्षभर त्यावर काम करायचं, आणि तरीही काढायचं. हे कुठलंच दुकान करणार नाही. पण ते करायला लागणारा पैसा कुठून तरी दुकानदारी करूनच आणावा लागतो. तो कोण आणतो, एवढ्याच प्रश्नाभोवती या संस्थांचा गेल्या शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास फिरतो असं माझं मत आहे.

मत म्हणजे अगदीच बाहेरून केलेली टिप्पणी नाही. माझं पोट याच व्यवसायावर चालतं. इंग्रजी अभ्यासग्रंथांच्या शेवटी जी सूची असते, नावांची आणि विषयांची, ती मी तयार करते, अधूनमधून कॉपी-एडिटिंग. लेखक शिकागोत किंवा लीड्सला, संपादक इंग्लंडात, पानं लावणारी मंडळी चेन्नईला नाहीतर पुद्दुचेरीला, आणि सूचीवाली कोथरूडमध्ये. कुठल्याही मोठ्या विद्यापीठीय प्रकाशनाचं अलीकडचं पुस्तक उघडून तपशिलाचं पान बघा, बारीक अक्षरात तमिळनाडूतलं किंवा पुद्दुचेरीतलं नाव बरेचदा सापडेल. छपाईसुद्धा आता पुष्कळदा आधी होत नाही. कुणी मागवलं की एक प्रत छापायची. गोदामात गठ्ठे नाहीत, त्यामुळे पुस्तक कधी 'संपत'ही नाही.

ऑक्सफर्डमध्ये छापलेलं पहिलं पुस्तक १४७८ सालचं. त्यावर साल पडलं आहे १४६८, कारण रोमन आकड्यांतला एक एक्स गळला. शिवाय लेखक म्हणून संत जेरोमचं नाव, जे पुस्तक मुळात रुफिनस नावाच्या भलत्याच गृहस्थाचं. साल चूक आणि लेखकही चूक! प्रूफं तपासणाऱ्या प्रत्येकाने हे पान फ्रेम करून टेबलावर ठेवावं. आणि २०२१ मध्ये प्रेसने ऑक्सफर्डमधली आपली उरलीसुरली छपाईही बंद केली. केंब्रिजने आपला छापखाना त्याआधी, २०१२ मध्येच विकून टाकला होता. आठव्या हेन्रीने १५३४ साली ज्या विद्यापीठाला छपाईची सनद दिली त्याने छपाईच सोडली, आणि प्रेसचं काहीही बिघडलं नाही. बातमी आली तेव्हा बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली. मला तेवढं वाईट वाटलं नाही. छपाई हे या संस्थांचं खरं काम कधीच नव्हतं. खरं काम निवडीचं आणि संपादनाचं. धास्ती वाटते ती त्याला कात्री लागताना दिसते म्हणून.

ही कात्री कशी लागते ते सूचीवरून सांगते. मागे महाराष्ट्रातल्या धर्मसुधारणांवरचं एक पुस्तक माझ्याकडे आलं होतं. दुसऱ्या प्रकरणात लक्ष्मणशास्त्री जोशी, पाचव्यात तर्कतीर्थ, सातव्यात नुसते 'वाईचे शास्त्रीबुवा'. लेखिकेने तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या साधनांतून माहिती घेतलेली, आणि वाचणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला ही तीन माणसं वाटणार. जोशी आणखीही चार होते. सूचीकाराला असं सगळं एका माणसाखाली आणावं लागतं, आणि आणताना लक्षात येतं की पाचव्या प्रकरणातलं विधान दुसऱ्यातल्या विधानाशी जुळत नाही. मग लेखिकेला प्रश्न. तिचं उत्तर आलं, एक परिच्छेद बदलला, पुस्तक तेवढं सुधारलं. हे काम संगणक करत नाही असं नाही. शब्द कुठे कुठे आलाय ते तो क्षणात दाखवतो. पण 'वाईचे शास्त्रीबुवा' कोण, हे वाईला कोण कोण होऊन गेलं ते माहीत असणाऱ्यालाच कळतं.

आता या सूचीचा खर्च बहुतेक ठिकाणी लेखकाच्या गळ्यात आहे. पैसे नसतील तर स्वतः करा. नुकतीच पीएचडी झालेली, तात्पुरत्या नोकरीवरची मुलगी पानामागे भाव विचारते, गप्प होते, आणि मग 'मीच करते बहुतेक' असं लिहून पाठवते. चित्रांच्या परवानग्यांचे पैसेही तिनेच भरायचे. पूर्वी संपादक हस्तलिखिताची ओळन् ओळ वाचायचा. आता त्याच्या डोक्यावर वर्षाला इतकी शीर्षकं असतात की प्रकरणांचा सारांश आणि परीक्षकांचे अहवाल वाचून त्याला पुढे जावं लागतं. चांगले संपादक आजही आहेत, पण ते वाचतात ते रविवारी.

पैसा कुठून येत होता ते पाहिलं की हे का झालं ते कळतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांना इंग्लंडात बायबल छापण्याचा विशेष अधिकार होता. बायबल खपायचं, त्यावर ग्रीक-लॅटिनचे न खपणारे ग्रंथ निघायचे. पुढे बायबलची जागा शब्दकोशांनी, शालेय पुस्तकांनी आणि इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांनी घेतली. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. इतका दम कुठल्या बँकेला निघाला असता?

मुंबईत प्रेसची शाखा १९१२ साली सुरू झाली. १९३७ ते १९७० इथला कारभार हॉकिन्स नावाच्या गृहस्थांच्या हाती होता. त्यांच्या काळात, १९४४ साली, कुमाऊंच्या नरभक्षक वाघांवरचं जिम कॉर्बेटचं पुस्तक याच मुंबई शाखेने काढलं आणि ते जगभर गाजलं. सालिम अली आणि रिप्ली यांचे पक्ष्यांवरचे दहा खंडही इथलेच, १९६८ ते १९७४ दरम्यानचे. आपल्या दप्तरातला ऑक्सफर्डचा नकाशासंग्रह आठवतो? नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, आणि मागच्या पानावर कुणाच्या तरी मोठ्या भावाचं खोडलेलं नाव. त्या नकाशांच्या आणि वाघांच्या जिवावर किती रुक्ष ग्रंथ उभे राहिले असतील याचा हिशेब कुणी मांडला तर वाचायला मजा येईल.

अमेरिकेत गणित वेगळं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष गिलमन यांनी १८७८ मध्ये प्रकाशनाचा विभाग काढला. ज्ञान वर्गात बसणाऱ्यांपुरतं ठेवायचं नाही, दूरवर पोचवायचं, हे विद्यापीठाचं कर्तव्य, असा त्यांचा विचार. तिथल्या बहुतेक प्रेस लहान, पोसायला विद्यापीठाचं अनुदान, आणि गिऱ्हाईक म्हणजे ग्रंथालयं. सत्तरच्या दशकापर्यंत संशोधनग्रंथाच्या दीड-दोन हजार प्रती ग्रंथालयंच उचलायची. मग विज्ञानाच्या नियतकालिकांच्या वर्गण्या बेसुमार वाढल्या आणि त्या भरता भरता ग्रंथालयांकडे पुस्तकांना पैसे उरेनात. हजारावरून पाचशे, पाचशेवरून तीनशे. तीनशेच प्रती खपणार म्हणून किंमत पाऊणशे-शंभर पौंड, आणि किंमत एवढी म्हणून तीनशेच खपणार.

वीस अमेरिकी विद्यापीठीय प्रकाशनांच्या ३८२ पुस्तकांचा हिशेब २०१६ मध्ये मांडला गेला. छपाई न धरता एका पुस्तकाला आलेला खर्च : सर्वांत कमी १५,१४० डॉलर, सर्वांत जास्त १,२९,९०९. बहुतेक पैसा गेला माणसांच्या वेळात, म्हणजे पुस्तक शोधणं, वाचणं, लेखकाशी बोलणं, सुधारून घेणं यांत. हा आकडा मी लेखकांना मुद्दाम सांगते. 'पीडीएफच तर करायची, त्याला कसले पैसे?' हे वाक्य प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलं की चिडचिड होते.

विद्यापीठाच्या लेखापालाच्या तक्त्यात मात्र हा सगळा तोटाच. २०१२ साली मिसूरी विद्यापीठाने आपली प्रेस बंद करायचं जाहीर केलं. वर्षाचं चार लाख डॉलर अनुदान जड झालं होतं. अमेरिकी कवी लँग्स्टन ह्यूजचं समग्र साहित्य काढणारी ही संस्था. लेखकांनी आपल्या पुस्तकांचे हक्क परत मागितले, लोकांनी फुटबॉल प्रशिक्षकाच्या पगाराचा आकडा शेजारी ठेवून दाखवला, आणि काही महिन्यांत विद्यापीठाने निर्णय फिरवला. २०१९ मध्ये स्टॅनफर्डने आपल्या प्रेसचं अनुदान थांबवायला काढलं. ज्याची गंगाजळी पंचवीस अब्ज डॉलरच्या वर, त्या विद्यापीठाला प्रेसचे सतरा लाख डॉलर परवडेनात! तिथेही ओरड झाली, तिथेही माघार. दोन्हीकडे प्रेस वाचली हे छान, पण कुठल्याच विद्यापीठाने 'ग्रंथालयाला नफा किती' असं विचारल्याचं मी ऐकलं नाही. प्रेसला मात्र विचारतात.

आपल्याकडे या संस्थांचं दुकानाचं रूप सगळ्यात उघडं पडलं ते दिल्लीत. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी हे झेरॉक्सचं छोटं दुकान. प्राध्यापकांनी दिलेल्या वाचनयादीप्रमाणे वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून, बांधून विद्यार्थ्यांना द्यायचं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर खटला भरला. आणि ज्यांची पुस्तकं झेरॉक्स होत होती त्यांच्यातलेच अनेक लेखक विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. अमर्त्य सेन यांनीही खटला मागे घ्या असं प्रकाशकांना लिहिलं. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की शिकवण्याच्या ओघात अशा प्रती काढायला कायद्यात मुभा आहे. त्यानंतर अपिलाचा निकाल लागला, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी अंग काढून घेतलं. या संस्थांकडून मला काम मिळतं, तरी हा खटला त्यांनी भरायलाच नको होता असं मी तेव्हाही म्हणत होते. सात हजारांचं पुस्तक एम.ए.चा मुलगा विकत घेणारच नाही. त्याने झेरॉक्स केली नाही तर विक्री वाढत नाही, वाचन तेवढं कमी होतं.

त्याच सुमारास दुसरा रस्ता फुटला होता. वाचकाकडून पैसेच घ्यायचे नाहीत. पुस्तक जालावर खुलं ठेवायचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१५ मध्ये आपली प्रेस नव्याने सुरू केली तीच या तत्त्वावर. ब्रिटनमध्ये सरकारी संशोधननिधीतून झालेल्या कामाचं पुस्तक १ जानेवारी २०२४ पासून वर्षभराच्या आत खुलं करावं लागतं. जालन्यातल्या, लातूरमधल्या विद्यार्थ्याला जे पुस्तक स्वप्नातही मिळालं नसतं ते आता फोनवर उघडतं, आणि माझ्या दृष्टीने गेल्या पंचवीस वर्षांत या व्यवसायात झालेली सर्वांत चांगली गोष्ट हीच. फक्त पैसे कुणी तरी आधी भरायचे असतात. मोठ्या प्रकाशनांत ते लेखकाने किंवा त्याच्या विद्यापीठाने, दहा हजार पौंडांच्या आसपास. जालन्यातला विद्यार्थी वाचू शकतो, पण पुढे त्याने लिहिलेलं पुस्तक त्या यादीत बसवायचं तर आमच्याकडे घरावर कर्ज काढावं लागेल. अमेरिकेतल्या एमआयटी प्रेसने २०२१ पासून वेगळी तोड काढली : ग्रंथालयांनी मिळून वर्षाची रक्कम भरायची, पुरेशी जमली की त्या वर्षीचे ग्रंथ सगळ्यांना खुले, लेखकाला शून्य खर्च. मला हे पटतं. म्हणजे जुनाच ग्राहक, ग्रंथालय, पण आता तो प्रत विकत घेत नाही, पुस्तक निघावं म्हणून पैसे देतो.

'पुस्तक निघावं म्हणून पैसे' यात आपल्याला काही नवल वाटू नये. आपलं सगळं संशोधन असंच निघालं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतली. १,२५९ हस्तलिखितं धुंडाळून ती १९६६ साली पुरी झाली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी लाखाची देणगी कबूल केली म्हणून सुरुवात झाली. पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ असा निघत राहिला. काणे मधल्या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, पण ग्रंथ काढला भांडारकरने, विद्यापीठाने नाही. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींना १९१० मध्ये हार्वर्डला बोलावलं गेलं ते 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. मूळ काम वॉरन नावाच्या अमेरिकी अभ्यासकाचं. तो वारला आणि मागे हार्वर्डच्या प्राच्यविद्येच्या ग्रंथमालेसाठी पैसा ठेवून गेला. मुखपृष्ठावर नाव कुणाचं, यावरून लॅनमन या मालासंपादकाशी कोसंबींचं बिनसलं, काम रखडलं. कोसंबींनी मधल्या काळात स्वतःची नागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत काढली. हार्वर्डची निघाली १९५० मध्ये, कोसंबी जाऊन तीन वर्षं झाल्यावर. मालेतला तो ४१ वा ग्रंथ. आणि ४२ वा, १९५७ चा, सुभाषितरत्नकोश. संपादक त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी आणि वि. वि. गोखले. बापलेक मालेत लागोपाठ. एवढ्या काळात मालेला कुणी तिमाही विक्री विचारली नसावी.

आपल्याकडे मात्र विद्यापीठाचा छापखाना म्हटलं की प्रश्नपत्रिका आठवतात. विद्यापीठांनी काही चांगले ग्रंथ काढले आहेत, पण ते मिळवायचे तर कुठल्या इमारतीत विक्री होते हे विचारत फिरावं लागतं, आणि काउंटर सापडला की जेवणाची सुट्टी. विद्यापीठाच्या पातळीचे ग्रंथ मराठीत यावेत म्हणून केंद्राच्या पैशातून नागपूरला ग्रंथनिर्मिती मंडळ निघालं. त्यांची पुस्तकं आता जुन्या ग्रंथालयांत, नाहीतर रद्दीत भेटतात.

मग २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीला गुण लावले आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला भरघोस गुण ठेवले. रातोरात गावोगाव 'आंतरराष्ट्रीय प्रकाशनं' उगवली. आयएसबीएन हा नुसता क्रमांक आहे आणि आपल्याकडे सरकार तो फुकट देतं, हे सांगूनही लोकांना खरं वाटत नाही. पैसे लेखकाने भरायचे, म्हणजे इंग्लंडात आज जे चाललंय तेच. फरक एवढाच की तिथे पैसे भरण्याआधी दोन परीक्षक पुस्तक नाकारू शकतात. इथे नाकारतो कोण?

एका तालुक्याच्या कॉलेजातले सर ओळखीतून माझ्याकडे आले होते. प्रबंध मराठीत, विषय त्यांच्या भागातल्या पाणीवाटपाच्या जुन्या रिवाजांचा. पाटाच्या पाळ्या कुणाच्या, दुष्काळात त्या कशा बदलायच्या, भांडण झालं तर कुणाचा शब्द शेवटचा. त्यांनी म्हाताऱ्या माणसांशी बोलून जमवलेलं. ते सगळं चाळीस पानांच्या 'संशोधन पद्धती'च्या आणि व्याख्यांच्या ढिगाखाली गाडलेलं होतं. मी चार पानं प्रश्न लिहून पाठवले : हे प्रकरण काढा, ते पुढे आणा, या दोन मुलाखती एकमेकींशी जुळत नाहीत, अमुक गावचं नाव तीन प्रकारे आलंय. त्यांचा फोन आला.

"ताई, एवढं तर आमच्या गाइडनीही विचारलं नव्हतं. वाचलंत तुम्ही सगळं?"

"वाचलं म्हणून तर विचारलं. सहा महिने द्या सर, फार चांगलं पुस्तक होईल."

"सहा महिने कुठले! फाइल मार्चअखेर जायची आहे. एक जण पंधरा दिवसांत देतो म्हणालाय, शंभर प्रती, आयएसबीएनसकट. आता छापून घेतो. तुमचं सगळं दुसऱ्या आवृत्तीत करू."

"दुसऱ्या आवृत्तीत?" मी म्हटलं.

यावर आम्ही दोघंही हसलो, आणि मग त्यांनी विचारलं की सूचीचे वेगळे किती होतील.